प्रश्नपत्रिकेतला 'मी' कोण?

समीक्षेचा विषय म्हणून दहावीच्या इंग्रजीच्या गाईडकडे पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कविता, कथा, आत्मकथने ह्यांवर आपण पानेच्या पाने लिहितो. पण ज्या घरात विकत घेतलेले पहिले पुस्तक गाईडच असते, त्या घरातल्या पोरावर पहिला वाङ्मयीन संस्कार कशाचा होतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या घरात ते २००५ साली आले. सातपूरच्या कंपनीतली पाळी संपवून येताना वडिलांनी ते आणले आणि आईने त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. त्यातले पत्रलेखन मी घोकून पाठ केले. त्या पत्रातला 'मी' सुट्टीत महाबळेश्वरला जाऊन आला होता. त्याच्या काकांनी त्याला वाढदिवसाला घड्याळ पाठवले होते. माझे काका नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाली करीत होते.

परीक्षेत मी त्या घड्याळाबद्दल काकांचे मनापासून आभार मानले. गुण मिळाले.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्याच नाशिकच्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला नायक परमुलखात नोकरीवर जातो, जात लपवतो, आणि ती उघडी पडते तेव्हा मार खातो. पण आपण काय लपवतो आहोत आणि कोणाच्या भीतीने, हे त्याला पुरते ठाऊक असते. त्याच्या विद्रोहाचे बळ ह्या जाणिवेतच आहे. गाईडमध्ये ही जाणीवच मारली जाते. तिथे जातच नव्हे, सबंध जगणे चोरायचे असते, आणि ह्या चोरीला 'तयारी' असे सभ्य नाव असते. पंधरा वर्षांचे पोर इंग्रजीचा पहिला धडा शिकते तो हा, की ह्या भाषेत आपल्या घराला जागा नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. पत्राखालीही स्वतःचे नाव लिहायचे नाही, असा दंडक असतो. हजेरीत आडनाव उच्चारले की ज्याच्याकडे वर्गातल्या चार माना वळतात, त्याला ह्या निनावीपणाचे मोल विचारा! तोंडी परीक्षेत ते कवच नसते. गुण देणारा समोर बसलेला असतो आणि तो आपल्याला ओळखतो. तरीही त्या तोंडी गुणांनीच आमची किती पोरे काठावरून पलीकडे नेली आहेत. २०१९ साली भाषांचे तोंडीचे २० गुण काढून टाकले गेले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा आला. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. तेव्हा मोठी ओरड झाली, पण ती मुख्यतः अकरावीच्या प्रवेशात आपली मुले इतर बोर्डांच्या मुलांमागे पडतील ह्याची. पुढच्या वर्षी तोंडीचे गुण परत आले आणि विषय मिटला. जी पोरे लेखीत अडखळली, ती नेमकी कोणत्या वाक्यापाशी अडखळली, हे कोणी पाहिले?

तेव्हा माझे भांडण निनावीपणाशी नाही. नाव झाकून स्वतःचे जगणे मांडता येते. नाव झाकून दुसऱ्याचे सुख अंगावर चढवणे ही वेगळी गोष्ट आहे.

पत्र ह्या प्रकाराला आमच्या शहरात इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची धुरा दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. ह्या सत्याग्रहामागची आपली खरी भूमिका बाबासाहेबांनी १९३४ साली त्यांना पत्रातून कळवली. मूर्तिपूजेने दलितांचा प्रश्न सुटेल म्हणून नव्हे, तर समाज जागा व्हावा म्हणून हा लढा उभारला, असा त्याचा आशय. त्या पत्राला पाठवणारा होता, घेणारा होता आणि मध्ये एक जळता प्रश्न होता. प्रश्नपत्रिकेतल्या पत्रात ह्यातले काय असते? नळाला पाणी येत नाही म्हणून महानगरपालिकेच्या आयुक्तांना इंग्रजीत पत्र लिहा, असा प्रश्न घ्या. महानगरपालिकेचा कारभार मराठीत चालतो. म्हणजे ते पत्र आयुक्तांना नसतेच. ते परीक्षकाला असते, आणि त्याला नळाशी कर्तव्य नसते. आमच्या वस्तीत पाण्यासाठी खरोखर रांग लागते, पण त्या रांगेतले पोरही गाईडमधल्याच नळाची तक्रार लिहिते.

ह्यावरून कोणी मला इंग्रजीचा विरोधक ठरवू नये. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीतच लिहिले. त्यांची इंग्रजी काही लपवण्यासाठी नव्हती. (आपली मुले इंग्रजी शाळेत घालून आम्हाला मायमराठीचे प्रेम शिकवणाऱ्यांना उत्तर देण्याची ही जागा नव्हे.) आणि मराठी तरी आमची म्हणून कुठे स्वीकारली जाते? त्याच प्रश्नपत्रिकेत इंग्रजी वाक्यांचे मराठी करायचे असते. सटाण्याकडचे पोर घरी अहिराणी बोलते, सुरगाण्याचे कोकणा बोलते. त्यांना एका परक्या भाषेतून दुसऱ्या अर्ध्या परक्या भाषेत जावे लागते.

आमच्या वस्तीतल्या विहारात मी रविवारी दहावीचा वर्ग घेतो. तिथल्या एका मुलीची आई दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जाते. सुट्टीत मुलगीही जाते. द्राक्षांची खुडणी आणि बोर्डाची परीक्षा साधारण एकाच हंगामात येतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सुट्टी कशी घालवली ते मैत्रिणीला कळव, असे पत्र मी लिहायला दिले. तिने सहा वाक्ये लिहिली. पहाटे टेम्पोतून जातो. घड कात्रीने कापतो. मण्यावरची लव पुसली जाऊ नये म्हणून देठाला धरतो. माल हॉलंडला जातो. क्रियापदे सगळी चुकलेली होती. पण क्रेट, एक्स्पोर्ट, रेसिड्यू ह्या शब्दांची स्पेलिंगे बिनचूक होती, कारण ती तिने खोक्यांवर आणि पॅकहाऊसच्या फलकावर रोज वाचली होती. कोणत्याही गाईडने तिला न शिकवलेली ही इंग्रजी होती.

मी लाल पेन काढले. क्रियापदे दुरुस्त केली आणि म्हणालो, "छान आहे. पण परीक्षेत गाईडमधलं लिही."

ती म्हणाली, "सर, तुम्ही काय लिहिलं होतं?"

"काकांनी घड्याळ पाठवलं, असं."

"कोणतं घड्याळ?"

मला सांगता येईना. गाईडमध्ये ते दिलेले नव्हते.

त्यानंतर आम्ही वर्गाची रीत बदलली. आधी प्रत्येकाने स्वतःचे पत्र लिहायचे, मग गाईड उघडायचे, आणि त्यातला 'मी' कुठे राहतो, त्याच्या घरी भांडी कोण घासते, हे शोधत ते वाचायचे. मुले हसतात आणि भांडतात. गाईडमधल्या आईने एकदाही कामाला जाऊ नये, ह्यावर एका मुलाने अर्धा तास घेतला. ह्यात वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. परवा दोन पालक येऊन उभे राहिले. ह्याने पोरांचे मार्क जाणार नाहीत ना, असे त्यांनी विचारले. जाणार नाहीत, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकलो नाही.