उत्सवातील मुलाखत : ‘वुडस्टॉक’ या अनुबोधपटाच्या निमित्ताने

घटना घडत असताना तिच्यातील माणसाला बोलते करणे आणि घटना संपल्यावर त्याला खोलीत बसवून बोलते करणे या दोन भिन्न क्रिया होत. दुसरीत मुलाखतकाराच्या हाती वेळ असतो, शांतता असते आणि उत्तर अपुरे वाटल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची मुभाही असते. पहिलीत यांपैकी काहीच नसते. परंतु बोलणाऱ्याने आपल्या अनुभवाला अद्याप ठरीव आकार दिलेला नसतो, आणि एवढ्या एका लाभासाठी तिचे सर्व दोष पत्करावे लागतात. मायकेल वॉडली यांच्या ‘वुडस्टॉक’ (१९७०) या अनुबोधपटाची चर्चा बहुधा त्यातील संगीताच्या अनुषंगाने होते. त्यातील मुलाखती म्हणजे दोन गीतांमधील विसावा, असे मानले जाते. वस्तुतः चित्रपटाचे खरे यश आणि त्याचा गंभीर दोष ही दोन्ही या मुलाखतींतच सापडतात.

हा संगीतोत्सव १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यासगर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर झाला. सुमारे चार लाख लोक लोटले; कुंपण व तिकिटे दोन्ही निरर्थक ठरली. अशा गर्दीत मुलाखतीची आखणी करावयाची म्हणजे प्रश्नांची यादी करावयाची नव्हे. १६ मि. मी. कॅमेऱ्याच्या चारशे फुटी रिळात जेमतेम अकरा मिनिटांचे चित्रण मावते. ध्वनिमुद्रण वेगळ्या यंत्रावर करावे लागते. व्यासपीठाचा आवाज दूरवर पसरलेला असतो. तेव्हा कोणास गाठावयाचे हे नावाने नव्हे, तरी प्रकाराने अगोदरच ठरवावे लागते. पूर्ण झालेल्या चित्रपटाकडे पाहता तीन वर्तुळे स्पष्ट दिसतात : आलेली तरुण मंडळी, आसपासचे गावकरी, आणि उत्सव चालता ठेवणारे कष्टकरी व अधिकारी.

यांपैकी पहिले वर्तुळ सर्वांत दुबळे आहे. तरुणांपाशी उत्तरे जणू तयारच असतात. आपण एका नव्या युगाचे प्रतिनिधी आहोत या जाणिवेने ते बोलतात, आणि मुलाखतकारही त्यांच्याकडून तेच ऐकू इच्छितो असा संशय येतो. गावकऱ्यांचे चित्रण अधिक सरस उतरले आहे. कोणी या मुलांच्या सौजन्याची वाखाणणी करतो, कोणी झालेल्या घाणीने संतापतो, आणि त्यांचे मतभेद कॅमेऱ्यासमोरच उघड होतात. अशा वेळी मुलाखतकाराने गप्प राहणे हीच खरी कामगिरी असते.

परंतु सर्वांत स्मरणीय मुलाखत आहे ती फिरते संडास साफ करणाऱ्या एका कामगाराची. अवघ्या सुमारे दोन मिनिटांचा हा प्रसंग. त्याचे हात कामात गुंतलेले आहेत आणि तो सहजपणे बोलतो आहे. या मुलांसाठी हे काम करण्यात आपणास आनंद वाटतो, असे सांगता सांगता तो म्हणतो की, आपला एक मुलगा याच उत्सवास आला आहे व दुसरा व्हिएतनाममध्ये युद्धावर आहे. त्या काळच्या अमेरिकेतील सारा दुभंग एका बापाच्या दोन वाक्यांत प्रकटतो. थेल्मा स्कूनमेकर यांच्यासारख्या कुशल संकलिकेलाही हा विरोध दोन चित्रे शेजारी ठेवून इतक्या साधेपणाने साधता आला नसता. काम करणारा माणूस आपल्या चेहऱ्याची काळजी करीत नाही, हे त्यामागील रहस्य आहे.

या कामगाराने पुढे निर्मात्यांवर दावा लावला. आपली संमती न घेता आपणास विक्रीच्या चित्रपटात ओढले आणि हास्यास्पद केले, अशी त्याची तक्रार होती. खालच्या न्यायालयाने साक्षीपुराव्याची पूर्ण सुनावणी न करताच दावा निकालात काढला. फिलाडेल्फिया येथील संघीय अपील न्यायालयाने १९७३ साली तो निर्णय फिरविला. या न्यायालयाने केलेला भेद समीक्षकांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. सार्वजनिक घटनेत उपस्थित असलेला माणूस चित्रात येणे निराळे, आणि त्याला मुद्दाम बोलते करून चित्रपटातील पात्र बनविणे निराळे. पहिल्यास वृत्ताचे संरक्षण मिळू शकते; दुसऱ्याबद्दल ते गृहीत धरता येत नाही.

आधी संमती मागितली असती तर ही सहजता नष्ट झाली असती, असा युक्तिवाद येथे केला जाईल. तो अर्धाच खरा आहे. चित्रणापूर्वी मागितलेली संमती माणसाला सावध करते, हे मान्य. परंतु चित्रणानंतर आणि प्रदर्शनापूर्वी ती मागण्यास कोणती आडकाठी होती? उत्सव ऑगस्टमध्ये संपला, चित्रपट पुढील वर्षीच्या मार्चमध्ये झळकला. मधले सात महिने संकलनास पुरले, ते एका माणसाचा शोध घेण्यासही पुरले असते. झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी १९६० साली पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या, ‘एका उन्हाळ्याचा वृत्तांत’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाच्या चित्रपटात (१९६१) बोलणाऱ्यांनाच तो दाखविला गेला आणि त्यांचे अभिप्राय शेवटी जोडले गेले. ते अभिप्राय अर्थातच गोड नव्हते. कोणास दुसऱ्याचे बोलणे कृत्रिम वाटले, तर कोणास ते निर्लज्ज वाटले. तथापि त्या कटुतेने चित्रपट उणावला नाही. उलट त्याचा विषयच अधिक खोल झाला.

मुंबईच्या संदर्भातील उदाहरण आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या अनुबोधपटाचे देता येईल. झोपड्या पाडल्या जात असताना एक स्त्री दिग्दर्शकालाच खडसावते की, आमची चित्रे घेऊन तुमचा लौकिक होईल, आमच्या पदरी काय पडणार? पटवर्धनांनी हा प्रसंग गाळला नाही. बेथेलच्या कामगारापाशी असा प्रतिप्रश्न करण्याची मोकळीक होती काय, याचा विचार ‘वुडस्टॉक’ पाहताना करावा लागतो. तो स्वतःच्या दारात उभा नव्हता, तर नोकरीवर होता. समोर आलेल्या कॅमेऱ्याला नकार द्यावयाचा की नाही हे ठरविण्याइतकीही उसंत त्याच्या हातातील कामाने त्याला दिलेली दिसत नाही.