माजघरातील श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’मधील ख्रिस्ती जीवनदृष्टीचा विचार

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या परिसरात वसलेले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मान्यता पावले आहे. नामदेवांचा जन्म १२७० चा मानला जातो. त्यांच्या ६१ पदांचा समावेश गुरू ग्रंथसाहिबात झाल्यामुळे वारकऱ्यांप्रमाणेच शीख भाविकांनाही नरसी हे श्रद्धास्थान वाटते. नामदेवांचे नाव घेताच कीर्तन, तीर्थावळी आणि उत्तरेकडील प्रवास यांचे स्मरण होते. परंतु नामदेवांच्या गाथेत एक घरही आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी जाते. शिंपीकाम करणाऱ्या दामाशेटींचे हे घर. आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, सुना आणि स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेणारी गंगाखेडची जनाबाई अशी माणसे त्यात राहतात.

या घरातून दोन वेगळे स्त्रीस्वर ऐकू येतात. गोणाई-राजाईंच्या नावे असलेल्या अभंगांत तक्रार आहे. कर्ता पुरुष विठ्ठलात रंगला आहे, तेव्हा चूल कोणी पेटवायची, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. जनाबाईंच्या अभंगांत मात्र देवच घरात येतो. दळू लागतो, पाणी भरतो, झाडलोट करतो. या रचनांच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी त्यांतून उभा राहणारा प्रश्न खरा आहे. श्रद्धेची जागा देवळात आहे की घरात? आणि ती घरात असेल, तर तिचा भार कोणी वाहायचा?

हाच प्रश्न सुमारे सहा शतकांनंतर एका मराठी ख्रिस्ती घरात पुन्हा उभा राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे हे घर होय. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथातील ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप गृहजीवन व सेवा या दोन अंगांनी तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूल्यमापनाच्या दोन वाटा

‘स्मृतिचित्रे’चे आजवरचे मूल्यमापन मुख्यतः दोन वाटांनी झालेले दिसते. पहिली वाट वाङ्मयीन आहे. अकृत्रिम निवेदन, निर्विष विनोद, बोलीचा गोडवा आणि प्रांजळपणा हे गुण या वाटेने आवर्जून सांगितले गेले. शालेय शिक्षण न मिळालेल्या एका स्त्रीने असा ग्रंथ लिहावा, याचे कौतुक त्यामागे आहे. दुसरी वाट धर्मांतराच्या कथेची आहे. एका सनातनी घरातील स्त्रीचा ख्रिस्तापर्यंतचा प्रवास म्हणून हा ग्रंथ वाचला जातो.

दोन्ही वाचनांत तथ्य आहे. तथापि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या वाचनात लक्ष्मीबाईंचा धर्मविचार विनोदाआड दडतो. त्या मिस्कील आहेत म्हणून त्या विचारवंत नाहीत, असे जणू गृहीत धरले जाते. दुसऱ्या वाचनात बाप्तिस्म्याचा दिवस हा कथेचा कळस ठरतो आणि त्यानंतरची शेकडो पाने उपसंहारासारखी वाटू लागतात. वास्तविक लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा खरा कस त्या पानांतच लागतो.

सोवळ्यापासून पंक्तीपर्यंत

ग्रंथाच्या प्रारंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे विलक्षण चित्र येते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि या धुण्याचा जाच घरातील बायकांना. हा भाग वाचकाला हसवतो. परंतु त्याचे रचनेतील स्थान केवळ विनोदापुरते नाही. धर्म म्हणजे काय, याचा या लेखिकेला मिळालेला पहिला धडा पाणी, भांडी आणि अन्न यांच्यामार्फत मिळाला, हे त्यातून स्पष्ट होते. त्यामुळे पुढे नवा धर्म तिच्या आयुष्यात आला, तो याच वाटेने यावा हे स्वाभाविक होते.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यानंतर काही वर्षे पती-पत्नी विभक्त राहिली. या काळात लक्ष्मीबाईंचा काही मुक्काम पंढरपुरातही होता. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या धर्म न सोडण्याच्या निश्चयाने. एकाच घरात त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीचा धर्म तोच पत्नीचा, हे सूत्र ज्या समाजात निर्विवाद होते, त्या समाजातील स्त्रीने पतीच्याच घरात पतीपेक्षा वेगळा धर्म पाळावा, ही घटना असामान्य आहे. टिळकांनीही तिला ती मुभा दिली, हे येथे नमूद केले पाहिजे.

लक्ष्मीबाईंचा निर्णय बदलला तो स्वतःच्या विचाराने. जातीचे भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. ते माणसाने केले आहेत, असे उत्तर मिळताच त्यांनी ते आचरणात आणण्याचे ठरवले. मनाला पटलेली गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, हेही त्या लपवत नाहीत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ग्रंथाच्या दृष्टीने खरे स्थित्यंतर त्याआधीच, कोणाच्याही हातचे पाणी पिण्याच्या निश्चयात घडून गेले होते.

येथे बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राशी तुलना उद्बोधक ठरते. १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींचा प्रवास ग्रंथवाचन, वादविवाद आणि शंकानिरसन यांतून होतो. त्यांची श्रद्धा अभ्यासिकेत घडली. लक्ष्मीबाईंची श्रद्धा पाणवठ्यावर आणि पंक्तीत घडली. एक मार्ग बौद्धिक आणि दुसरा भावनिक, अशी विभागणी मात्र करता येणार नाही. लक्ष्मीबाईंचा जातिविषयक युक्तिवादही बुद्धीचाच आहे. फरक इतकाच, की त्याची परीक्षा त्यांना रोज स्वयंपाकघरात द्यावी लागली.

सेवा आणि तिचा हिशेब

बाप्तिस्म्यानंतरचे टिळकांचे घर हे सतत भरत जाणारे घर आहे. अनाथ मुले, विद्यार्थी, अडलेली माणसे, पाहुणे आणि कवी यांनी ते गजबजलेले असते. बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) काही काळ या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे पुत्रवत केले. बालकवी ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांनी ख्रिस्ती व्हावे अशी अट या घराने घातली नाही. येथे अन्न आणि माया धर्मप्रसाराचे साधन म्हणून येत नाहीत. श्रद्धेचा तो सहज परिणाम असतो. अहमदनगरात प्लेगची साथ असताना मिशनच्या शाळेतील आजारी मुलींची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी पत्करली. जिथून लोक पळ काढत होते, तिथे त्या राहिल्या. एके काळी स्पर्शाला भिणारी ही स्त्री आता रोग्याच्या अंथरुणाशी बसते. परंतु या बदलाचे भाष्य त्या करत नाहीत, केवळ प्रसंग सांगतात.

भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी आणि आजाऱ्याला सोबत दिली, तर ती ख्रिस्तालाच पोचते, अशी शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. ‘स्मृतिचित्रे’त या शिकवणीवर प्रवचन नाही. तिचा अर्थ मात्र घरातील वाढत्या पानांच्या संख्येतून कळत जातो. जनाबाईंशी असलेले साम्य आणि भेद येथे एकदम लक्षात येतो. जनाबाईंच्या अभंगांत देव घरी येतो तेव्हा कामाला हात लावतो, आणि एकाकी दासीचा भार हलका होतो. लक्ष्मीबाईंच्या घरी देव येतो तो अनाथाच्या, रोग्याच्या किंवा अवेळी आलेल्या पाहुण्याच्या रूपाने. त्यामुळे काम वाढते. दोन्ही ठिकाणी घरकाम हेच भेटीचे स्थान आहे. पण पहिल्या ठिकाणी श्रम करणारीला सोबत मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी तिच्याकडे मागणी येते.

ही मागणी कोण पुरी करते, हा प्रश्न लक्ष्मीबाई टाळत नाहीत, आणि यातच ग्रंथाचे मोठे मोल आहे. टिळक उदार होते. हातातला पैसा देऊन टाकण्यात त्यांना आनंद वाटे. घरात काय उरले, याचा विचार करण्याची जबाबदारी पत्नीवर पडे. लक्ष्मीबाईंचा विनोद नेमका याच ठिकाणी बहरतो. तो विनोद पतीची निंदा करत नाही; पण पतीच्या संतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे मात्र चोख दाखवतो. या दृष्टीने पाहिल्यास लक्ष्मीबाईंच्या लेखनात राजाई आणि जनाबाई एकत्र नांदतात. राजाईची तक्रार आणि जनाबाईंची भक्ती एकाच वाक्यात येऊ शकते, हे मराठी गद्यात त्यांनी सिद्ध केले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी टिळकांची धारणा होती, आणि दरबाराच्या कल्पनेत ती पूर्णत्वाला गेलेली दिसते. परंतु ज्या मोकळ्या मंडळीचे स्वप्न टिळक पाहत होते, तिचे एक लहान रूप त्यांच्या घरात आधीच नांदत होते. ते लक्ष्मीबाईंच्या श्रमावर उभे होते. टिळकांच्या चरित्रात या गोष्टीला जेवढे स्थान मिळायला हवे, तेवढे क्वचितच मिळते.

घर आणि संस्था

सेवेच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) स्मरण अपरिहार्य आहे. १८८९ मध्ये शारदा सदन स्थापन करणाऱ्या रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. त्यांनी सेवेला संस्थेचे रूप दिले. घर ज्या स्त्रियांना नाकारत होते, त्यांच्यासाठी पर्यायी घर निर्माण केले. लक्ष्मीबाईंचे कार्य त्या तुलनेत लहान वाटेल. मात्र ही तुलना आकारावर करणे योग्य ठरणार नाही. रमाबाईंनी घराची भिंत ओलांडली. लक्ष्मीबाईंनी भिंत तशीच ठेवून दार उघडले. सर्वसामान्य श्रावकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे. कारण त्यासाठी देणगी वा अधिकार लागत नाही. रोजच्या जेवणात एका माणसाची भर पडू देण्याची तयारी तेवढी लागते.

ग्रंथाच्या मर्यादा

‘स्मृतिचित्रे’ला काही मर्यादाही आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या मोठी होती. मराठवाड्यातही जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या बेथेल या वसाहतीत प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबांना आधार मिळाला. या कुटुंबांसाठी ख्रिस्ती होणे म्हणजे सोवळे सोडणे नव्हते, कारण सोवळ्याचा अधिकारच त्यांना नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो माणूस म्हणून ओळखले जाण्याचा प्रश्न होता. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचे पाणी प्यायल्या, त्यांना त्या वेळी काय वाटले, हे ग्रंथातून कळत नाही. पंक्तीची कथा येथे एकाच बाजूने सांगितली गेली आहे.

याचा दोष लेखिकेच्या प्रामाणिकपणाकडे जात नाही. स्वतःच्या अनुभवापलीकडचे आपल्याला माहीत आहे, असा आव त्या आणत नाहीत. परंतु अभ्यासकाने ही उणीव ओळखली पाहिजे. मराठी ख्रिस्ती गृहजीवनाचा विचार केवळ या एका घरावरून केला, तर त्या जीवनाचा मोठा भाग अदृश्य राहील.

समारोप

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’पासून मराठीने ख्रिस्ती आशयाला अनेक रूपे दिली. पुराण, वाद, स्तोत्र आणि कादंबरी या सर्वांतून तो व्यक्त झाला. लक्ष्मीबाईंनी स्वतःही टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेऊन पूर्ण केले. पण त्यांचे वेगळेपण महाकाव्यापेक्षा ‘स्मृतिचित्रे’त अधिक आहे. श्रद्धेची भाषा त्यांनी माजघरातून घेतली, आणि सेवेचे गुणगान करताना तिचा हिशेबही मांडला.

महाविद्यालयीन अध्यापनात या ग्रंथातील विनोदी प्रसंग निवडून शिकवण्याचा मोह होतो. तसे केल्यास विद्यार्थ्याला एक गमतीदार आजी भेटते. पण स्वतःच्या बुद्धीने धर्म तपासणारी, पतीच्या घरात वेगळे पाणी पिणारी आणि पुढे कोणाच्याही हातचे पाणी पिणारी स्त्री भेटत नाही. सोवळ्याचे प्रकरण, विभक्तपणाची वर्षे आणि प्लेगमधील शुश्रूषा हे भाग सलग वाचले, तरच तिची ओळख पटते. नामदेवांच्या घरातील गोणाई, राजाई आणि जनाबाई यांच्या अभंगांसोबत हे वाचन झाले, तर मराठी स्त्रीच्या धर्मानुभवाची एक सलग परंपरा विद्यार्थ्यांसमोर उभी राहील. त्या परंपरेत उपास्य बदलते, भाषा बदलते. चूल मात्र तीच राहते, आणि तिच्यापाशी विचारलेला राजाईचा प्रश्नही तसाच राहतो. लक्ष्मीबाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचा दावा केला नाही. तो विचारत असतानाच त्यांनी आणखी एक पान वाढले, आणि ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती श्रद्धा नेमकी तेथे आहे.