‘प्रारंभिक’ उपचार : एका संशोधनाचे परीक्षण

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००८ साली हाती घेतलेल्या ‘रेझ’ प्रकल्पाचा विषय चित्तविकृतीचा, म्हणजे सायकोसिसचा, पहिला आघात हा होता. त्यातील मुख्य प्रयोग २१ राज्यांतील ३४ केंद्रांत ४०४ रुग्णांवर झाला. औषधे, मानसोपचार, कुटुंबीयांचे प्रबोधन आणि शिक्षण-नोकरीसाठी साहाय्य यांची सांगड घातल्यास दोन वर्षांत नेहमीच्या उपचारांहून अधिक सुधारणा होते, असे त्यातून दिसून आले. रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

या निष्कर्षांचे मोल निर्विवाद आहे. तथापि ‘प्रारंभिक’ ही संज्ञा येथे कितपत सार्थ ठरते? विकृतीच्या आरंभापासून उपचार मिळेपर्यंत निम्म्या रुग्णांची ७४ आठवडे वा त्याहून अधिक काळ गेला होता. आणि ज्यांचा विलंब कमी, त्यांनाच लाभ अधिक झाला.

संघीय मानसिक आरोग्य अनुदानाचा ५ टक्के हिस्सा २०१४ साली, तर १० टक्के २०१६ साली अशा सेवांसाठी राखून ठेवण्यात आला. हे योग्यच झाले. परंतु घर, शाळा आणि नेहमीचा डॉक्टर यांच्यामध्ये हरवणाऱ्या त्या दीड वर्षाच्या अभ्यासासाठीही तितक्याच निश्चयाने निधी दिला गेला पाहिजे. एरवी उत्तम उपचारही उशिराच पोहोचत राहतील.