पुसल्या गेलेल्या आरशाची साक्ष

उष्णतेने रेणू फुटतो तेव्हा त्याचे तुकडे क्षणभर तरी सुटे राहतात का? १९२९ साली बर्लिनमध्ये फ्रिडरिश पानेट आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी दिलेले उत्तर पाठ्यपुस्तके बहुधा एका ओळीत उरकतात : शिशाचा आरसा नाहीसा झाला, म्हणून मुक्त मिथिल सिद्ध झाले. माझा आक्षेप या ‘म्हणून’ला आहे.

टेट्रामिथिल लेडची वाफ हायड्रोजनच्या वेगवान प्रवाहात, अत्यंत कमी दाबाखाली क्वार्ट्झच्या नळीतून सोडली. नळी जिथे तापवली तिथे आतून शिशाचा चकचकीत थर, म्हणजे आरसा, बसला. मग प्रवाहाच्या उगमाकडची जागा तापवली. तिथे नवा आरसा उमटला आणि पुढचा, आता थंड असलेला जुना आरसा विरत गेला.

पण नुसते विरणे हा पुरावा नव्हे; धातू दुसऱ्याच कोणी नेला असेल. जस्ताचा आरसा ठेवल्यावर डायमिथिल झिंक हाती आले, तेव्हा नेणारा ओळखला गेला. दोन जागांमधले अंतर वाढवले की आरसा पुसायला वेळ लागे. त्यावरून त्या परिस्थितीत मिथिलचे अर्धायुष्य सेकंदाच्या सुमारे ६ सहस्रांश निघाले. काळ मोजला तो नळीच्या लांबीने!

पुढे एफ. ओ. राइस यांनी हीच युक्ती अनेक सेंद्रिय संयुगांना लावली. तिथेही मर्यादा तीच. मूलक आहेत, एवढे आरसा सांगतो. विघटनाचा किती वाटा त्यांच्यामार्फत होतो, हे सांगत नाही. साक्षीदाराने पाहिले तेवढेच त्याच्या तोंडी घालावे.