अन्वय आणि जोडणी : एका एम्युलेटरच्या संहितेचे वाचन

१

पदांना अर्थ असतो, परंतु पदे एकापुढे एक ठेवल्याने वाक्य सिद्ध होत नाही. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द ओळीने उच्चारले, तर श्रोत्याला चार वस्तू आठवतात. बोध मात्र कशाचाच होत नाही. बोधासाठी पदांमध्ये अन्वय हवा आणि त्या अन्वयासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, असे आपल्याकडील शब्दबोधाचा विचार करणाऱ्या शास्त्रांनी सांगितले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वाक्याचे लक्षण करताना याच अटींचा आधार घेतल्यामुळे त्या काव्यशास्त्रातही रुजल्या. प्रस्तुत लेखात हा विचार समीक्षेच्या कक्षेत सहसा न येणाऱ्या एका संहितेला लावून पाहावयाचा आहे. ही संहिता म्हणजे 'मेम' या एम्युलेटरची आज्ञावली होय.

एका यंत्राच्या हार्डवेअरचे वर्तन दुसऱ्या संगणकावर आज्ञावलीच्या रूपाने उभे करणारी रचना म्हणजे एम्युलेटर. 'मल्टिपल आर्केड मशीन एम्युलेटर' अर्थात 'मेम'ची पहिली आवृत्ती निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अनेकांनी मिळून वाढविलेली ही संहिता २०१६ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्रांची अंतर्रचना लिहून जतन करणे हा तिचा घोषित हेतू. ते खेळ पुन्हा खेळता येतात, हा आनुषंगिक लाभ. हा हेतू गंभीरपणे घेतला, तर एक प्रश्न उपस्थित होतो. या संहितेत नेमके जतन काय होते? चिप तर कागदावर उतरत नाही. उतरते ते तिचे वर्तन आणि एका चिपचे दुसरीशी असलेले नाते. प्रस्तुत लेखकाच्या मते, या संहितेचे मर्म नात्यांच्या लेखनात आहे. आणि नात्याचे लेखन हे नेहमीच एक वाचन असते.

२

'मेम'मधील प्रत्येक यंत्र हे घटकांच्या वृक्षासारखे मांडलेले असते. मुळाशी संपूर्ण यंत्र, त्याच्या पोटात प्रोसेसर, ध्वनिचिप, पडदा इत्यादी घटक आणि त्या घटकांच्या पोटात कधी आणखी घटक. एका घटकाला दुसऱ्याची गरज लागते, तेव्हा ती गरज 'फाइंडर' नावाच्या साधनाने आधी जाहीर करावी लागते. केवळ घटकच नव्हेत, तर रॉममधील मजकूर, सामायिक स्मृती, स्मृतीच्या आलटूनपालटून पुढे येणाऱ्या पेढ्या, कळी आणि दांडे यांची प्रवेशद्वारे ही सामग्रीही अशाच रीतीने मागावी लागते. सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेल्या या मागणीचा आशय मराठीत असा सांगता येईल : 'मेनसीपीयू' या नावाचा, प्रोसेसर या जातीचा एक घटक मला अवश्य हवा आहे.

या एका विधानात तिन्ही अटी उघडपणे नोंदलेल्या दिसतात. 'अवश्य हवा' ही आकांक्षा. संहिता येथे दोन प्रकार करते : 'रिक्वायर्ड' म्हणजे ज्याच्यावाचून अन्वय पुरा होत नाही ते, आणि 'ऑप्शनल' म्हणजे असल्यास घ्यावे, नसल्यास चालावे असे. 'प्रोसेसर या जातीचा' ही योग्यता. अग्नीने शिंपणे हे शास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण योग्यतेच्या अभावाचे आहे; शिंपण्याला द्रव लागतो आणि अग्नी तो नव्हे. त्याचप्रमाणे मागितलेल्या नावाचा घटक सापडला, पण तो भलत्याच जातीचा निघाला, तर संहिता त्याला सापडलेला मानत नाही.

तिसऱ्या अटीपाशी मात्र साम्य थांबते, आणि नेमके तेथेच ते उपयोगी पडते. शास्त्रातील सन्निधी प्रामुख्याने काळाची आहे. पदे विलंबावाचून उच्चारली जावीत, एवढाच तिचा आग्रह. 'मेम'मधील सन्निधी कुळाची आहे. नाव हे मागणाऱ्याच्या स्थानावरून वाचले जाते. घरात 'काका' म्हणजे कोण, हे जसे हाक मारणारा कोण यावर ठरते, तसेच येथे घडते. आपल्या धन्याकडे वर जावयाचे असेल तर एक चिन्ह आणि थेट मुळापासून शोधावयाचे असेल तर दुसरे चिन्ह नावापुढे लावावे लागते. यामुळे तोच घटक दोन यंत्रांत, किंवा एकाच यंत्रात दोन ठिकाणी, नांदू शकतो. याहून पुढची एक सोय आहे. सर्वत्र वापरावयाचा घटक लिहिताना आपला जोडीदार कोण असेल हे लेखकाला ठाऊक नसते. तेव्हा तो नावाच्या जागी एक पोकळ नाव ठेवतो आणि यंत्राची रचना करणारा ती जागा पुढे भरतो. व्याकरणाच्या भाषेत हे सर्वनाम होय.

या सर्व आकांक्षा पुऱ्या होतात की नाही, हे यंत्र न चालविताही तपासता येते, कारण त्यासाठी 'मेम'मध्ये स्वतंत्र आज्ञा आहे. वाक्य खरे आहे की खोटे हे बाजूला ठेवून ते वाक्य आहे की नाही एवढेच पाहणे, असे या तपासणीचे स्वरूप म्हणता येईल. तिची मर्यादाही यातच आहे. निर्दोष अन्वयाचे वाक्य असत्य असू शकते. शब्द प्रमाण ठरण्यासाठी वक्ता विश्वसनीय हवा, असे नैयायिक म्हणतात. येथे तो वक्ता कोण?

३

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 'पॅक-मॅन' या १९८० सालच्या, नामको कंपनीच्या खेळाचे उदाहरण घेऊ. त्याच्या बोर्डावर एकच झेड-८० प्रोसेसर आहे. १८.४३२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारिता सहाने भागून, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ गतीने, तो चालतो. षोडशमान पद्धतीतील ५००० ते ५००७ या पत्त्यांवर प्रोसेसरने काही लिहिले की बाहेर परिणाम घडतात. पहिल्या पत्त्याने व्यत्ययसंकेताला परवानगी मिळते, ५००१ ने ध्वनी सुरू होतो, ५००३ ने टेबलावर समोर बसलेल्या दुसऱ्या खेळाडूसाठी चित्र उलटे होते, ५००७ ने नाण्यांचा मोजक पुढे सरकतो.

'मेम'च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत हे जवळपास असेच लिहिलेले होते : अमुक पत्ता, त्याचे अमुक कार्य. पत्ता आणि परिणाम यांच्यामध्ये काहीच नव्हते. पुढील आवृत्त्यांत या मजकुराची पुनर्रचना झाली. आता प्रोसेसर आठही पत्त्यांवर जे लिहितो ते ७४एलएस२५९ नावाच्या एका लॅचकडे जाते. या चिपला आठ टोके असून प्रत्येक टोक एकेक बिट धरून ठेवते. लॅचच्या शून्याव्या टोकाला व्यत्ययाची परवानगी, पहिल्याला ध्वनिघटक, तिसऱ्याला चित्राची दिशा, सातव्याला मोजक अशा जोडण्या स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत.

खेळणाऱ्याला या दोन पाठांत काडीचाही फरक जाणवणार नाही. भुते तशीच पाठलाग करतील, आवाज तसाच येईल. परंतु वाचकाला दोन वेगळी यंत्रे दिसतात. पहिल्या पाठात आठ सुटी कार्ये आहेत. ती आठ का आणि शेजारीशेजारी का, याचे उत्तर तेथे नाही. दुसऱ्या पाठात त्या शेजाराचे कारण दिसते : ती एकाच चिपची आठ टोके आहेत. जे टोक कशालाच जोडलेले नाही, ते आता रिकामे म्हणून दिसू लागते. यंत्र नव्याने सुरू होताना आठही टोके शून्यावर येतात, ही आता आठ घटना न राहता एक घटना होते. मात्र लॅचची टोके अशी शून्यावर येतात हे येथे सर्वसाधारणपणे गृहीत धरलेले आहे, आणि गृहीतक हा वाचनाचाच भाग आहे.

फलावरून संहितेची पारख होत नाही, हा या पाठभेदाचा धडा आहे. एम्युलेटरविषयीची बहुतेक चर्चा फलाभोवती फिरते : खेळ चालतो की नाही, रंग बरोबर आहेत की नाहीत. ही आस्वादकाची भूमिका झाली आणि ती अवैध नाही. तथापि जतन हा हेतू असेल, तर तिच्यावर थांबता येत नाही. दोन पाठ एकच फल देत असताना एक दुसऱ्याहून सत्याच्या अधिक जवळ असू शकतो, आणि ते ठरविणारे प्रमाण संहितेच्या बाहेर असते : तांब्याच्या रेषा असलेला तो बोर्ड व त्याचा मंडल-आराखडा. संहितेला बाहेर नसते, असा ज्या समीक्षाविचाराचा आग्रह असतो, त्याला हे उदाहरण अडचणीचे आहे. येथे अर्थ नात्यांतूनच निर्माण होतो, हे संरचनावादाला अनुकूल. परंतु ती नाती खोटी ठरू शकतात, हे त्याला प्रतिकूल.

४

उलट बाजूनेही विचार केला पाहिजे. बोर्ड हेच प्रमाण असेल तर संहिता ही केवळ नक्कल ठरते, मग समीक्षेला काम ते काय, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. बोर्डावरील तारेला 'ध्वनीची परवानगी' असे नाव नसते. ते नाव लेखक देतो. बोर्डावर संकेत अनेक ठिकाणी एकाच वेळी हलत असतात. संहितेत मात्र एक घटक दुसऱ्याला हाक मारतो, आणि अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रात प्रत्येकाला आळीपाळीने काळाचा तुकडा वाटून द्यावा लागतो. हाक कोणी मारावयाची व कोणी ऐकावयाची, हे ठरविताच तारेला दिशा आणि क्रियेला कर्ता मिळतो. युगपत् घडणाऱ्या गोष्टींना क्रम देणे हे कथनाचे जुने काम येथेही करावेच लागते. म्हणून नक्कल हा शब्द अपुरा आहे. हे भाष्य आहे, आणि भाष्याची चिकित्सा होऊ शकते.

ती आज का व्हावी, याला व्यावहारिक कारण आहे. 'पॅक-मॅन'चे बोर्ड पुष्कळ होते आणि त्याचे आराखडेही उपलब्ध आहेत. ज्या यंत्रांचे मोजकेच बोर्ड उरले आहेत, त्यांच्या बाबतीत शेवटचा बोर्ड निकामी झाला की प्रमाण नाहीसे होईल आणि भाष्यच मूळ ग्रंथ म्हणून उरेल. त्या वेळी योग्य फल देणारी पण चुकीची जोडणी दुरुस्त करावयाला कोणताच आधार नसेल. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली त्याच पानावर पाठभेद दिले आहेत. संपादकांचा निर्णय अमान्य असणाऱ्यालाही त्यामुळे निर्णयाची सामग्री मिळते. एम्युलेटरच्या संहितेत समोर दिसतो तो केवळ अखेरचा पाठ. आधीचे पाठ आवृत्त्यांच्या इतिहासात असतात खरे, पण ते का बदलले हे जोडणीजवळ नेहमीच लिहिलेले नसते.

यासाठी मागणी मोठी नाही. प्रत्येक जोडणीशेजारी, ती कशावरून वाचली, हे एका ओळीत नोंदले जावे : बोर्डावरील रेषा तपासून, आराखड्यावरून, की खेळाच्या आज्ञावलीचे वर्तन पाहून केलेल्या अनुमानाने. 'मेम'मधील काही लेखक अशा टिपा लिहितातही; 'पॅक-मॅन'च्या लॅचशेजारी ती चिप बोर्डावर कोठे बसते याची नोंद आहे. ही प्रथा नियम झाली, तर पुढच्या वाचकाला प्रत्यक्ष कोणते आणि अनुमान कोणते हे निदान वेगळे करता येईल. आकांक्षा पुरी झाली आहे हे संगणक सांगू शकतो. ती कोणत्या प्रमाणाने पुरी केली, हे मात्र लिहिणाऱ्यानेच सांगावयाचे आहे.