स्वाराविना अश्व : वारीच्या छायाचित्रणाचे एक परिशीलन

आषाढी वारीच्या छायाचित्रणाला ‘आध्यात्मिक शोध’ असे संबोधण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. प्रदर्शनांच्या निवेदनांत हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो की त्याच्या चिकित्सेची आवश्यकता कुणालाच भासत नाही. वस्तुतः छायाचित्रण ही दृश्याची कला आहे. वारकरी ज्याला ‘दर्शन’ म्हणतो त्यात मात्र देवाला पाहण्याइतकेच देवाच्या दृष्टीस पडणेही अभिप्रेत असते. हे अंतर कॅमेऱ्याला कितपत ओलांडता येते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

या दृष्टीने रिंगणाचा प्रसंग बोलका ठरतो. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात चांदोबाचा लिंब येथे उभे आणि पुरंदावडे येथे गोल रिंगण होते. दोन अश्व धावतात. एकावर पताकाधारी स्वार असतो, तर दुसऱ्यावर कुणीही बसत नाही, कारण त्यावर स्वतः माऊली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. छायाचित्रकारांची सर्वाधिक गर्दी याच क्षणी होते. परंतु भिंगासमोर येते ती अश्वाची रिकामी पाठ! तेथे स्वार पाहण्यासाठी लागणारी दृष्टी कोणत्याही लेन्समध्ये नाही. अश्व निघून जाताच वारकरी वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. श्रद्धेचे दृश्य रूप खरे तर येथे प्रकट होते; पण तोवर बहुतेक कॅमेरे पुढच्या झेपेच्या मागे लागलेले असतात.

उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ (२०११) या संग्रहातील हवाई छायाचित्रांनी वारीची भव्यता मराठी वाचकासमोर ठेवली, हे मान्य करावे लागेल. तथापि उंचीवरून समूह दिसतो, माणूस दिसत नाही. संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’चा कॅमेरा माणसांच्या निकट जातो, म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटतो. मात्र केवळ निकटता पुरेशी नसते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या जेवणाची नोंद केली, आणि त्याविषयीची स्वतःची व्यथाही लपवली नाही. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’त (१९६४) निवेदकाची साशंकता सतत सोबत चालते. या दोघांनी स्वतःलाही कसोटीला लावले. वारीच्या छायाचित्रांत फुगडी आणि टाळमृदंग विपुल आहेत. वेगळ्या पंगती शोधाव्या लागतात. शोधकाने स्वतःला चौकटीबाहेर सुरक्षित ठेवले, तर त्याला शोध म्हणावे काय?

याहून गंभीर बाब चंद्रभागेच्या वाळवंटातील आहे. स्नान करणाऱ्या, ओलेत्या स्त्रियांची छायाचित्रे ‘श्रद्धा’ या शीर्षकाखाली मांडली जातात. त्यांची संमती घेतली होती काय, हा प्रश्न परीक्षकही विचारत नाहीत. कलादृष्ट्या अशी छायाचित्रे कितीही सरस असली तरी त्यांना अध्यात्माचे नाव देणे समर्थनीय ठरत नाही.

गर्दीमुळे असंख्य वारकरी राउळात न जाता कळसाचे दर्शन घेऊनच परततात. त्यांनी विठ्ठलाची मूर्ती पाहिलेली नसते, आणि तरीही त्यांची वारी पूर्ण झालेली असते. कळसाकडे हात जोडून माघारी वळलेल्या अशा वारकऱ्याची पाठ वारीच्या संग्रहांत क्वचितच आढळते.