मॅक्रोफेज 'वाढले' म्हणजे नक्की काय मोजलं?

ऋतू, प्रतिकारशक्ती आणि हार्मोन एकत्र जोडणारे पेपर वाचायला मस्त वाटतात. पण त्यातला एक दुवा कच्चा आहे, आणि जर्नल क्लबमध्ये तो सहसा कुणी ताणून बघत नाही.

आधी पक्कं काय ते. सीरियन हॅमस्टरला दिवसाला साधारण 12.5 तासांपेक्षा कमी उजेड मिळाला की रात्री मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं, पिट्युटरीतून येणारे एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन घटतात, काही आठवड्यांत वृषण आक्रसतात आणि टेस्टोस्टेरॉन पडतं. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींना मॅक्रोफेज अगदी खेटून असतात. त्यांनी सोडलेलं 25-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल लायडिग पेशी कच्चा माल म्हणून वापरू शकतात. उलट दाह असताना मॅक्रोफेजचे आयएल-1 आणि टीएनएफ-अल्फा हेच उत्पादन दाबतात.

इथून एक उडी सहज मारली जाते: छोट्या दिवसांत मॅक्रोफेज वाढले, म्हणून टेस्टोस्टेरॉन घटलं. थांबा. वाढले म्हणजे एकूण संख्या वाढली, की घनता? समजा वृषणात 100 मॅक्रोफेज आहेत. एकही नवी पेशी न येता वृषणाचं आकारमान एक दशांश झालं, तरी घनता दहापट दिसेल! म्हणून स्टिरिऑलॉजीने काढलेला, पूर्ण वृषणाचा आकडा शोधा.

दुसरा नेहमीचा पुरावा म्हणजे सीएसएफ-1 नसलेले ओपी/ओपी उंदीर. त्यांच्या वृषणात मॅक्रोफेज फार कमी, आणि टेस्टोस्टेरॉनही कमी. झालं सिद्ध? नाही. सीएसएफ-1 त्यांच्या सगळ्या शरीरातूनच गायब आहे. त्यांच्यात एलएचही कमी असतं, आणि हायपोथॅलॅमसच्या फीडबॅकमध्येच बिघाड असल्याचं जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने 1990 च्या दशकात दाखवलं. मग दोष वृषणात की मेंदूत? या उंदरावरून ते ठरत नाही. त्यामानाने रॅटच्या वृषणातच क्लोड्रोनेट लायपोसोम टोचून तिथले मॅक्रोफेज मारायचे, हे प्रयोग जास्त बोलके आहेत.

मग हॅमस्टरमध्ये काय करता येईल? छोट्या दिवसांतल्या नरांना बाहेरून एलएच द्या. मॅक्रोफेज आहेत तेवढेच राहून टेस्टोस्टेरॉन वर आलं, तर मुख्य कारण ते नव्हेत. शिवाय दिवस छोटेच ठेवले तरी काही महिन्यांनी वृषण आपोआप पुन्हा वाढतात. त्या काळात दर आठवड्याला मोजा: आधी मॅक्रोफेज बदलतात, की आधी एलएच? जे नंतर बदलतं ते कारण असू शकत नाही.

असा पेपर हातात आला की डिस्कशनकडे जाण्याआधी आलेखाचा वाय-अक्ष वाचा. तिथे 'प्रति क्षेत्रफळ' लिहिलं असेल, तर पहिला प्रश्न तुमचा.